आज आई

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, शाळेच्या फाटकासमोर. दिवसभर लोकांच्या कागदांच्या प्रती काढायच्या आणि त्या निघेपर्यंत त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. "तुम्ही त्या 'कूस'वाल्या बाईंच्या बहीण ना?" असं कुणी विचारलं, की पूर्वी मी मान ताठ करून "हो, सख्खी" म्हणायचे आणि न विचारता वर चार गोष्टी सांगायचे. आता मशीनचं झाकण आपटते आणि विचारते, "किती प्रती?" लोक म्हणतात, बाई फटकळ आहे. आहेच मुळी, त्यात नवीन काय!

धाकटी माझ्यासारखी नाही. ती चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाईक आरशात बघून तोंड वाकडं करायच्या आत तिला कळायचं की ही फ्रेम नको. न बोलता दुसरी पुढे करायची. मालक तिच्यावर दुकान टाकून खुशाल जेवायला जायचा. घरी आमचे मेहुणे आणि त्यांची आई. मेहुणे औषधांच्या कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर, आणि घरी असले तरी बॅग दाराशीच. सासूबाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी असायची, ती निवृत्तीनंतरही उतरली नव्हती. मी त्यांच्याकडे गेले की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाठ सरळ!" मी पन्नाशीला आले तरी त्या दारात पाऊल टाकताना पोट आत घ्यायचे.

एका सकाळी त्या न्हाणीघरात पडल्या. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, तीन शब्द तेवढे उरले: "हं", "नको" आणि "पुरे". आणि एक शिवी. ती मात्र खणखणीत यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात.

घरात दोन पगार होते. त्यातला एक जाणार हे उघड होतं, आणि कुणाचा जाणार हे विचारायची कुणाला गरजसुद्धा वाटली नाही. मेहुणे म्हणाले, "माझी तर फिरती." परगावचा दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही." झालं! दुकानाने धाकटीला निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली.

ती रोज दुपारी मला फोन करायची. आईंना, म्हणजे सासूबाईंना, कसं वळवलं, कसं भरवलं, त्यांना न उठवता चादर कशी बदलली. ऐकायला दुसरं कोण होतं तिला? पण माझी तीच गर्दीची वेळ. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं बाई, माझ्यापुढे पाच माणसं उभी आहेत! हे सगळं कुठेतरी लिहून ठेव आणि मला मोकळं कर."

तिने खरंच लिहून ठेवलं. फोनवरच ब्लॉग काढला, नाव दिलं 'कूस', कारण तिचा सगळा दिवस त्या एका कामाभोवती फिरत होता. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर कातडी दबते, लाल होते, मग तिथे जखम होते, आणि ती जखम भरता भरत नाही. त्यासाठी तिने फोनला गजर लावला होता. तो वाजला की हातातलं टाकून पळायचं. तिच्याकडे गेलेला माणूससुद्धा गजर झाला की बोलायचा थांबायचा.

पहिलं लिहिलेलं मला अजून पाठ आहे. 'आज आईंचे केस पलंगावरच धुतले. कचऱ्याची मोठी पिशवी फाडून मानेखाली घातली, दुसरं टोक बादलीत. निम्मं पाणी बादलीत, निम्मं माझ्या पायांवर. आई म्हणाल्या, पुरे. मी म्हटलं, साबण तरी निघू दे. मग त्यांनी ती शिवी दिली. उच्चार अगदी स्पष्ट. डॉक्टरांना कळवायला हवं.'

मी दुकानात एकटी खो खो हसले. आणि नंतर पदराने डोळे पुसले, तेही सांगते.

लोक वाचायला लागले. ज्यांच्या घरात असं कुणी पडून आहे, त्यांना दिवसभर बोलायला माणूस नसतो. ते सगळे तिथे गोळा झाले. शिट्टीचं लिहिलं तेव्हा तर धमाल उडाली. आईंना हाक मारता येईना, म्हणून धाकटीने त्यांची जुनी शिट्टी डाव्या हाताशी बांधून ठेवली. उजव्या ओठातून हवा निसटायची, तर म्हातारीने स्वतःच युक्ती काढली: डाव्या हाताच्या चिमटीत ओठाचा कोपरा धरायचा आणि फुंकायचं. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, तीन म्हणजे नुसतीच इकडे ये. तिसरीचा अर्थ धाकटीला उशिरा कळला. काही नको असायचं त्यांना, ती येऊन बसली की झालं.

एक बसड्रायव्हर रोज लिहायचा. त्याने तिथे नाव घेतलं होतं 'पहिली फेरी', कारण सकाळची पहिली बस त्याची. त्याचीही आई पडून होती. फेरी सुटायच्या आधी तो धाकटीचं वाचायचा आणि एक ओळ टाकायचा: 'आज आमच्याकडेही केस धुतले, शिव्या आमच्याकडेही मिळाल्या.' धाकटी मला सांगायची, "ताई, तो माझ्यापेक्षा बरं करतो बघ."

त्या दिवसांत धाकटीला एकच गोष्ट हवी होती. आईंच्या उजव्या हातात चमचा यावा. दुसऱ्याच्या हातून भरवून घेताना त्या डोळे मिटून घ्यायच्या, ते तिला बघवत नसे. डॉक्टर म्हणाले होते, हात थोडा परत येऊ शकतो, पण मालीश-व्यायाम शिकवणारा माणूस लावायला हवा आणि घरच्यांनी दिवसातून पाच-सहा वेळा करून घ्यायला हवं. माणूस लावायचा तर पैसा हवा, आणि मेहुण्यांचा पगार औषधांतच विरघळायचा.

तेवढ्यात दीर आला. हा जाहिरातींच्या कंपनीत. आईचं आजारपण झाल्यापासून हा दुसऱ्यांदा आलेला, पण सल्ले मात्र रोजचे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर यानेच. जेवताना त्याने फोनवर ब्लॉगचे आकडे पाहिले आणि घास तसाच हातात राहिला. "वहिनी, हे काय आहे तुला कळतंय का? लोक यासाठी जीव टाकतात! आपण हे प्रोफेशनली करू."

धाकटीने विचारलं, "त्यातून आईंना व्यायामाचा माणूस लावता येईल?"

"माणूस? दोन माणसं लाव. दिवसाची बाई ठेव. तू फक्त लिही."

तिला आणखी काय हवं होतं? मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी तर दुकानात सांगत सुटले.

आणि सुरुवातीला सगळं मनासारखं झालं. ब्लॉगचं रूप पालटलं, जाहिराती आल्या. मग एका गादीच्या कंपनीने वर्षाचा करार केला. आजारी माणसासाठी हवा भरलेली गादी ते बनवायचे, ती आईंना फुकट आली. त्यांची अट एकच: रोज सकाळी ठरल्या वेळी काहीतरी आलं पाहिजे, छोटंसं, फोटोसकट. सदराचं नाव दिराने ठेवलं, 'आज आई'. दिवसाची बाई आली. व्यायामाचा माणूस आला, त्याने हात कसा धरायचा, बोटं कशी उलगडायची ते दाखवलं आणि बजावलं, "मी आठवड्यातून दोनदा येणार, बाकीचं तुमच्यावर." धाकटी म्हणाली, "हो, हो."

आता रोज ठरल्या वेळी लिहायचं तर आजारी माणसाचा दिवस काही ठरल्या वेळी उजाडत नाही. कधी पोट बिघडतं, कधी रात्रभर डोळा नसतो. दोन-तीनदा चुकलं, तर गादीवाल्यांची कुरकुर सुरू झाली. मग दिराने उपाय सांगितला: आधीच लिहून ठेवायचं. रविवारी बसायचं, पुढच्या पंधरवड्याचं सगळं लिहायचं आणि यंत्राला तारीख-वेळ देऊन सोडायचं. ते आपलं आपण रोज एक बाहेर पडतं.

मी फोनवर हसले. "अगं, पण येत्या गुरुवारी आई काय खाणार, हे तुला आज कसं माहीत?"

"ताई, त्या रोज तेच खातात."

"आणि नाही खाल्लं तर?"

"मग खाल्लं असं समजायचं," ती म्हणाली आणि तीही हसली. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी! तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली.

अशा एका रविवारी मी त्यांच्याकडे होते. फोटो काढायचा कार्यक्रम चालू होता. दिवसाच्या बाईने आईंना निळा स्वेटर घातला, उशीला टेकवून बसवलं, दिराने फोटो काढला. मग निळा काढला, पिवळा घातला, खिडकीचा पडदा सरकवला, की झाला दुसरा दिवस. मग पांढरी शाल. मग परत निळा, पण केस मोकळे. पंधरा दिवस एका दुपारी उरकायचे होते. लुळा हात बाहीत घालायचा म्हणजे किती ओढाताण! प्रत्येक वेळी आई म्हणत होत्या, "पुरे." दीर म्हणाला, "बास, शेवटचा, आई, हस बघू." त्या पुन्हा म्हणाल्या, "पुरे." ते सगळे फोटो नीट पाहिले तर कळतं, प्रत्येकात त्यांचे ओठ तोच शब्द म्हणताना अर्धवट मिटलेले आहेत. वाचणाऱ्यांना वाटलं, हसताहेत.

मी दिराला म्हटलं, "अरे, माणूस आहे का दुकानातला पुतळा?"

"ताई, यावरच तर तिची बाई चालते, फिजिओ चालतो," तो म्हणाला. तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं.

त्यातच त्याने नियम काढला, महिन्यातून एकदा तरी चांगली बातमी हवी. "लोक कंटाळतात वहिनी, रोज तेच. काहीतरी पुढे सरकू दे." मग 'आज आई' मधल्या आई पुढे सरकू लागल्या. कधी त्या बोट हलवायच्या, कधी नवा शब्द बोलायच्या. पलंगावरच्या आई होत्या तिथेच होत्या. हाताचा व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा व्हायला हवा होता, तो कधी एकदा व्हायचा, कधी नाहीच. धाकटी तरी काय करणार? सकाळी मेल, दुपारी कंपनीशी बोलणं, मध्येच वाचकांना उत्तरं. 'तुमच्या आईंच्या पाठीला काही त्रास?' असं कुणी विचारलं की ती सविस्तर लिहायची, कुठे उशी ठेवा, कुठे बोटाने दाबून बघा. तेवढ्यात गजर व्हायचा. तो ती बोटाने बंद करायची आणि म्हणायची, "हे एवढं पाठवते आणि जाते."

मग निघाला 'कूस संच'. ही कल्पनाही दिराची. तिकोनी उशी, खाली घालायची चादर, मलम आणि एक शिट्टी, असं खोक्यात भरून विकायचं. खोकी ठेवणार कुठे? आईंच्या खोलीत. भिंतीला लागून छतापर्यंत चळत गेली, खिडकी झाकली गेली. मी म्हटलं, "अगं, त्यांना बाहेरचं झाड दिसायचं तेवढंही गेलं." ती म्हणाली, "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, ताई."

त्या दोन आठवड्यांत काय झालं, ते मला तिने नंतर सांगितलं. दिवसाच्या बाईच्या घरी काही अडचण निघाली, ती येईना. मेहुणे फिरतीवर. धाकटी बाहेरच्या खोलीत, दार लावून, रोज दुपारी कंपनीवाल्यांशी आणि गिऱ्हाइकांशी कॅमेऱ्यावर बोलत होती. संच कसा वापरायचा ते दाखवत होती. आतून शिट्टी वाजायची. दोनदा. पुन्हा दोनदा. तिकडे सगळ्यांना ऐकू जायचं. दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, तेवढा वेळ ती शिट्टी जरा बाजूला ठेव ना. विचित्र वाटतं."

तिने शिट्टी सोडली आणि फळीवर ठेवली. बोलणं संपलं की परत बांधायची, असं ठरवून. पहिल्या दिवशी बांधली. दुसऱ्या दिवशीही बांधली. मग राहिली ती फळीवरच राहिली. आई डाव्या कुशीवर पडलेल्या, समोर खोक्यांची भिंत, आणि प्रत्येक खोक्यात एक एक शिट्टी.

जखम डाव्या खुब्यावर झाली. धाकटीला दिसली तेव्हा वरून रुपयाएवढीच होती, पण आत खोल गेली होती. सगळ्या जगाला जखम होऊ नये म्हणून काय करायचं ते शिकवणारी बाई, आणि तिच्याच घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने मला फोन केला तेव्हा नुसती म्हणत होती, "ताई, माझ्या हातून... ताई, माझ्या हातून..."

ताप चढला. रुग्णालयात नेलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. मी जाऊन पोचले तेव्हा धाकटी आईंचा उजवा हात धरून एकेक बोट उलगडत बसली होती, व्यायामाच्या माणसाने दाखवलं होतं तसं. आईंनी एकदा डोळे उघडले. मी आपली सवयीने ताठ उभी राहिले. त्या धाकटीकडे पाहून म्हणाल्या, "पुरे." व्यायाम पुरे म्हणाल्या की काय पुरे म्हणाल्या, देव जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या.

रुग्णालयातूनच सगळं उरकलं. मोठी इमारत त्यांची, शेजाऱ्याला शेजारी माहीत नाही. कुणी विचारायला आलं नाही. घरी येऊन आम्ही चौघं जिथे जागा मिळाली तिथे पडलो. मेहुणे, दीर, धाकटी आणि मी.

सकाळी धाकटीचा फोन थरथरायला लागला. थांबेच ना. मी उचलून पाहिला. यंत्राला कुणी मेलेलं कळत नाही. त्याने वेळ झाली तसं आपलं काम केलं होतं. निळ्या स्वेटरमधल्या आई, आणि खाली: 'आज आईंनी उजव्या हातात चमचा धरला. स्वतः! अर्धं सूप सांडलं, पण अर्धं पोटात गेलं. चादर धुवायला टाकली आहे. इतक्या आनंदाने मी कधी चादर धुतली नव्हती.'

ही त्या महिन्याची चांगली बातमी होती. दोन रविवारांपूर्वी लिहून ठेवलेली.

खाली अभिनंदनांचा पाऊस. कुणी रडलं होतं, कुणी टाळ्या पाठवल्या होत्या. आणि 'पहिली फेरी'ने नेहमीपेक्षा लांब लिहिलं होतं: 'हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने माझ्या हातातला चमचा ओढून घेतला. पडला, पण घेतला. पहिल्यांदाच बसला उशीर झाला आणि मला काही वाटलं नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.'

धाकटीने वाचलं. फोन उलटा ठेवला.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता लिही, आई गेल्या म्हणून. दोन ओळी. मी लिहू का?"

दीर म्हणाला, "ताई, थांबा. घाईत काही नको. अजून चार-पाच दिवसांचं लावून ठेवलेलं आहे. करारही चालू आहे. आणि आई कशाने गेली, हे लोक विचारणारच. काय सांगायचं? 'कूस'वाल्या बाईंच्या घरी..." पुढचं त्याने गिळलं. "थोडे दिवस जाऊ देत. मग हळूहळू सांगू."

"अरे, तुझी आई ना ती?" मी ओरडले. "कालची राख अजून गरम आहे!"

तो रडायला लागला. खरंच रडला, खोटं नाही. मला त्याला आणखी चार शब्द सुनवायचे होते, ते तसेच राहिले. मी मेहुण्यांकडे वळले. "तुम्ही तरी काही बोला!" मेहुणे दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत म्हणाले, "ती ठरवेल, ताई. तिचं आहे ते."

हो, हे बरंय! नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा कुणी तिला विचारलं नाही, आणि हे मात्र तिने ठरवायचं.

तिने काहीच ठरवलं नाही. चार-पाच दिवस लावून ठेवलेलं बाहेर पडत राहिलं. मला वाटलं, साठा संपला की आपोआप थांबेल. थांबलं नाही. पुढच्या रविवारी ती बसली आणि तिने पुढचा पंधरवडा लिहिला. फोटो होतेच ढिगाने. आई चमच्याने सगळं खायला लागल्या. आई आधाराशिवाय बसू लागल्या. मी फोनवर भांडले, अबोला धरला, पुन्हा फोन केला. ती शांतपणे म्हणायची, "ताई, तिथे त्या बऱ्या होताहेत गं." मी वेडी म्हटलं तिला. नंतर दिवसभर माझ्या तोंडाला चव नव्हती.

परवाची गोष्ट. दुकानात एक बाई आल्या, नेहमीच्या. पेन्शनच्या कागदांसाठी येतात. त्यांच्या घरीही सासू पडून आहे. त्यांनी फोन पुढे केला. "ताई, एवढं मोठ्या अक्षरात छापून द्या. आणि लॅमिनेट करा, भिंतीवर लावायचंय."

पडद्यावर पिवळ्या स्वेटरमधल्या आई. 'आज आई दारापर्यंत चालत आल्या.'

"तुम्हीच नाही का मला वाचायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "बघा, या वयात! इच्छा लागते माणसाला. आमच्या म्हातारीला रोज वाचून दाखवते. तिला सांगते, त्या चालल्या, तुम्हाला साधा चमचा धरता येत नाही? प्रयत्नच करत नाही हो ती. आता भरवणंच बंद केलंय मी. लागू दे भूक. धरेल आपोआप."

मी म्हटलं, "अहो, भरवा तिला! भिंतीवर कागद लावून कुणी चालायला लागतं का?"

"मग त्या कशा चालल्या?" त्यांनी विचारलं.

जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पाठची बहीण आहे हो माझी. मी तो कागद छापला. लॅमिनेशनची पिशवी यंत्रातून गरम बाहेर आली, तशी त्यांच्या हातात दिली. पेन्शनवर भागत नसेल म्हणून पैसे घेत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचे आभार ऐकून घेतले.

शटर ओढलं आणि तशीच धाकटीकडे गेले. ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती, समोर पडद्यावर पुढच्या पंधरा दिवसांचे चौकोन. काही भरलेले, काही रिकामे. मी चपलासुद्धा न काढता सगळं सांगितलं. त्या बाईंचं, त्यांच्या सासूचं, उपाशी ठेवल्याचं.

तिने ऐकून घेतलं. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता तरी पाझर फुटला, आता सगळं खरं लिहील. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला.

ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. फारच भराभर बऱ्या केल्या मी त्यांना. पुढच्या आठवड्यात ताप आणते थोडा. चमचा सुटू दे हातातून. लिहीन की, म्हाताऱ्या माणसांना भरवावंच लागतं, त्यात कमीपणा नाही."

"धाकटे, त्या गेल्या आहेत गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तापाने गेल्या असं लिहायचं म्हणजे मला परत तो ताप लिहावा लागेल. परत रुग्णालय. एकदा झालं ना माझ्या हातून. आता पुन्हा नाही जमणार, ताई. नाही जमणार."

मी तोंड उघडलं आणि गजर झाला. तोच जुना, कूस बदलायचा. ती ताडकन उठली. पडद्यावरचं वाक्य अर्धवट टाकून आत गेली.

मी दारात जाऊन पाहिलं. खोकी हलवलेली, खिडकी मोकळी. पलंगावर कंपनीची गादी, वर ताणून घातलेली चादर, आणि उशाशी दोरीने बांधलेली शिट्टी. धाकटीने वाकून उशी उचलली, उलटी करून दुसऱ्या बाजूला ठेवली, चादरीवरून तळहात फिरवला, बोटाने एका जागी दाबून पाहिलं. सावकाश, काही न चुकवता. मग माझ्याजवळून बाहेर आली.

"किती वेळा करतेस हे?" मी विचारलं.

"गजर होतो तेव्हा."

"दिवसभर?"

"हं," ती म्हणाली. "आता एकदाही चुकलं नाही, ताई." आणि पुन्हा लिहायला बसली.